चहा स्वस्त झाला आणि बंड पेटलं

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला ४ जुलै २०२६ रोजी अडीचशे वर्षं पूर्ण होतात. त्या निमित्ताने लेख आणि व्हिडिओ यांचा पाऊस पडतो आहे आणि बहुतेकांत चित्र एकच: बॉस्टनच्या बंदरात पेट्या फोडून चहा पाण्यात ओतणारी माणसं. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीच्या मुलाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी हे वाचता वाचता आईला विचारलं, "पण तेव्हा चहा स्वस्त झाला होता ना? मग फेकला कशाला?" तिला उत्तर सुचेना. फोन माझ्याकडे. "मामा, आता तूच सांग याला."

मीही अडखळलो. आपण शाळेत पाठ केलेलं सरळ होतं: इंग्रजांनी कर लादले, लोक चिडले, त्यांनी स्वातंत्र्य मागितलं आणि त्यासाठी ते लढले. यातला क्रमच उलटा आहे. लढाई सुरू झाली १९ एप्रिल १७७५ ला. स्वातंत्र्याचा ठराव झाला २ जुलै १७७६ ला. मधले चौदा महिने हे लोक राजाच्या सैन्यावर गोळ्या झाडत होते आणि त्यातले कितीतरी दिवस त्याच राजाला 'आम्ही तुमचेच' अशी पत्रंही लिहीत होते.

हे कसं घडलं ते समजायला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हाउसिंग सोसायटी जास्त उपयोगी पडेल.

तेरा विंगांची सोसायटी

वसाहत म्हणजे मूळ देशातल्या लोकांनी दूरच्या मुलखात जाऊन वसवलेली आणि मूळ देशाच्या सत्तेखाली असलेली वस्ती. अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटनच्या अशा तेरा वसाहती होत्या. सगळ्यात जुनी व्हर्जिनिया, १६०७ ची. १७७० च्या दशकात सगळ्यांची मिळून वस्ती २५ लाखांच्या आसपास होती.

बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजा नेमायचा, पण प्रत्येक वसाहतीला आपली निवडलेली विधिसभा होती. मत फक्त मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांना, हे खरं. पण कर बसवायचा तो या सभेने. लंडनहून जहाज यायला पाच-सहा आठवडे सहज लागत. एवढ्या लांबून रोजचा कारभार चालवणं शक्य नव्हतं, आणि लंडनने फारसा प्रयत्नही केला नव्हता.

आता कल्पना करा, तेरा विंगांची सोसायटी आहे. बिल्डरने कन्व्हेयन्स दिलेलं नाही, कागदोपत्री मालक तोच. पण दीडशे वर्षं तो फिरकलेला नाही. मेंटेनन्स किती घ्यायचा ते सर्वसाधारण सभा ठरवते. रहिवाशांना बिल्डरबद्दल आदरही आहे. त्याचा फोटो ऑफिसात लावलेला आहे. मग एक दिवस बिल्डर कर्जबाजारी होतो.

युद्धाचं बिल

ब्रिटन १७६३ मध्ये फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध जिंकलं, कॅनडासकट मोठा मुलूख मिळवला आणि कर्जात बुडालं. राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या घरात गेलं. शिवाय नव्या मुलखाच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचे होते. त्यांच्या खर्चाचा वाटा वसाहतींनी उचलावा, हे लंडनचं म्हणणं तसं वाजवीच होतं.

पहिला घाव उसाच्या मळीवर पडला. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या बाजूच्या ईशान्येकडच्या वसाहतींत, मळीपासून रम बनायची. मळीवर आधी गॅलनला सहा पेन्स कर होता; १७६४ च्या कायद्याने तो तीन पेन्स केला. म्हणजे निम्मा! पण सहा पेन्स कुणी भरत नव्हतं, सगळा माल चोरवाटेने यायचा. तीन पेन्स मात्र काटेकोर वसूल होणार होते. पुढे चहाच्या वेळी हीच गंमत पुन्हा दिसेल.

दुसरा घाव १७६५ चा स्टँप ॲक्ट. आपल्याला स्टँप पेपर काय ते वेगळं सांगायला नको. कोर्टाचे कागद, परवाने, मृत्युपत्रं, वर्तमानपत्रं, पत्त्यांचे जोड, फासे, सगळ्यावर स्टँप. या एका कायद्याने वकील, छापखानेवाले आणि दारूच्या गुत्त्यांचे मालक एकाच वेळी दुखावले. तोंड आणि लेखणी चालवणारे सगळे हेच, आणि लोक जमायचे तेही यांच्याच दारात. बॉस्टनमध्ये १४ ऑगस्टला स्टँप-विक्रेत्याचा पुतळा एल्मच्या झाडाला लटकवला गेला, बारा दिवसांनी उपगव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचं घर जमावाने उद्ध्वस्त केलं. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायच्या आतच जवळपास सगळ्या विक्रेत्यांनी राजीनामे दिले होते. स्टँप होते, विकायला माणूस नव्हता.

मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला. वसाहतींत आनंदीआनंद झाला. न्यूयॉर्कने तर कृतज्ञता म्हणून तिसऱ्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा उभारायचं ठरवलं. हा पुतळा लक्षात ठेवा.

त्या आनंदात एक कागद फारसा कुणी वाचला नाही. कायदा मागे घेतानाच पार्लमेंटने दुसरा एक कायदा करून ठेवला होता: वसाहतींसाठी वाटेल त्या बाबतीत कायदे करायचा आम्हाला अधिकार आहे. बिल्डरने वाढवलेला मेंटेनन्स मागे घेतला, पण नोटीस बोर्डावर चिकटवून गेला की हवं तेव्हा, हवा तेवढा वाढवू.

पण कर किरकोळ होता, मग एवढा आरडाओरडा कशाला?

खरंच किरकोळ होता. ब्रिटनमधला माणूस वसाहतीतल्या माणसाच्या कितीतरी पट कर भरत होता, आणि लंडनला यांचा आकांत म्हणजे खाऊन-पिऊन सुखी माणसाची कुरकुर वाटायची.

पण सोसायटीत पन्नास रुपयांवरून होणारी भांडणं कधी पन्नास रुपयांची असतात का? प्रश्न असतो तो ठराव कुणी केला हा. वसाहतकारांचं म्हणणं होतं: कर म्हणजे आमच्या खिशातले पैसे, ते आम्ही निवडलेली माणसंच मागू शकतात. पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही. त्यावर लंडनचं उत्तर: मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमला तरी कुठे स्वतःचा खासदार आहे? पार्लमेंट सगळ्यांचंच हित बघतं. यावर वसाहतकारांनी आमचे चार खासदार घ्या असं का म्हटलं नाही? कारण चार खासदार मतदानात बुडाले असते, आणि मग 'तुमचेही प्रतिनिधी होते की' हे ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यांना लंडनमध्ये खुर्ची नको होती, आपापल्या विधिसभांचा अधिकार शाबूत हवा होता.

या अधिकाराला खरा धक्का १७६७ मध्ये बसला. अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयातकर बसवला. रक्कम पुन्हा फार नव्हती, पण त्यातून वसाहतींतल्या गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार भागवायची तरतूद होती. तोवर बहुतेक ठिकाणी हे पगार विधिसभा द्यायच्या, आणि तीच त्यांच्या हातातली दोरी होती. मॅनेजरचा पगार सोसायटी देते तोवर तो सेक्रेटरीचं ऐकतो. बिल्डर द्यायला लागला की संपलं.

उत्तर म्हणून बहिष्कार आला. ब्रिटिश माल घ्यायचा नाही, घरी सूत काढायचं, जाडंभरडं कापड अभिमानाने वापरायचं. बायका एकत्र जमून चरखे चालवू लागल्या. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, त्याच्या जवळजवळ १४० वर्षं आधीची ही स्वदेशी. हा बहिष्कार पैशापेक्षा एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा ठरला: राजकारण विधिसभेतून निघून स्वयंपाकघरात आणि दुकानाच्या फळीवर आलं. चहा पिता की नाही, यावरून तुम्ही कुणाच्या बाजूचे ते कळू लागलं.

लंडनने बॉस्टनला सैन्य पाठवलं. जेमतेम सोळा हजार वस्तीचं गाव, त्यात लाल कोट घातलेले सैनिक गल्लीगल्लीत. ५ मार्च १७७० च्या रात्री शिव्या, बर्फाचे गोळे आणि मग गोळीबार. पाच माणसं मेली. त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्स यांनी, पुढे जे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले, आणि बहुतेकांना सोडवलंही. संतापाच्या भरातही खटला नीट चालला, हे मला गोळीबारापेक्षा जास्त लक्षात राहिलेलं आहे.

टाउनशेंडचे कर मागे घेतले गेले. एक सोडून. चहावरचे पौंडभर वजनामागे तीन पेन्स तसेच ठेवले, अधिकार सोडलेला नाही हे दाखवायला.

चहा, कंपनी आणि पुरंदरचा तह

आता भाचीच्या मुलाचा प्रश्न. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, पण तो आसामचा किंवा दार्जिलिंगचा नव्हता. आपल्याकडे तेव्हा चहाचे मळेच नव्हते. सगळा चहा चीनचा. तरीही या गोष्टीत हिंदुस्थान आहे, आणि पुणेही आहे.

१७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. बंगालमध्ये १७७० चा भीषण दुष्काळ पडला होता, लष्कराचा खर्च वाढला होता आणि लंडनच्या गोदामांत जवळजवळ पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चहा पडून होता. अमेरिकेत तो खपत नव्हता, कारण तिथले लोक डच व्यापाऱ्यांकडून चोरटा चहा घेत. १७७३ मध्ये पार्लमेंटने कंपनीला वाचवायला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि सोबत दोन कायदे केले.

एक रेग्युलेटिंग ॲक्ट. त्याने मुंबईच्या इंग्रजांना तह आणि लढायांच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली आणलं. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला, तेव्हा कलकत्त्याने याच अधिकारात तो मोडीत काढला आणि १ मार्च १७७६ ला पुणे दरबाराशी पुरंदरचा तह झाला.

दुसरा टी ॲक्ट. कंपनीने चहा थेट अमेरिकेला पाठवावा, ब्रिटनमधला कर तिला परत मिळावा आणि ठरावीक एजंटांनीच तो विकावा. त्यामुळे तीन पेन्स धरूनही हा चहा चोरट्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता. बॉस्टनच्या एजंटांमध्ये गव्हर्नर झालेल्या हचिन्सन यांचे दोन मुलगे होते.

सोसायटीच्या भाषेत: बिल्डरने जाहीर केलं की उद्यापासून माझ्या मेव्हण्याच्या डेअरीचं दूध, लिटरमागे चार रुपये स्वस्त. फक्त बिलात पन्नास पैसे 'बिल्डर आकार' असेल. रोज सकाळी दूध घेणारा प्रत्येक जण त्या पन्नास पैशांवर गुपचूप सही करणार. स्वस्ताई हाच तर सापळा होता. महाग चहावर बहिष्कार टाकणं सोपं. स्वस्त चहा नाकारायला लोकांना किती दिवस सांगणार? म्हणून तो किनाऱ्याला लागूच द्यायचा नाही असं ठरलं. (चोरट्या चहावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांचं पोटही दुखत होतं, हेही खरं. ते या चळवळीत पुढे होते.)

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाकडे निघालेली जहाजं चहासकट परत गेली. बॉस्टनमध्ये हचिन्सन अडून बसले: कर भरल्याशिवाय जहाज परत जाऊ देणार नाही. वीस दिवसांत कर भरला नाही तर माल जप्त होऊन उतरवला जाणार होता. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबर १७७३ ला, मोहॉक आदिवासींचा वेश घेतलेली माणसं तीन जहाजांवर चढली आणि ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. चाळीस टनांहून जास्त चहा, किंमत ९,६५९ पौंड. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. एक कुलूप तुटलं, तेही बदलून दिलं.

एका विंगेची शिक्षा बाकी बारांनी पाहिली

लंडनने बॉस्टनचं बंदर १ जून १७७४ पासून बंद केलं, चहाचे पैसे भरेपर्यंत. त्याहून जड पडला तो मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बॉस्टन ज्या वसाहतीत होतं तिच्या, कारभाराचा कायदा. गव्हर्नरचं सल्लागार मंडळ आता राजा नेमणार. गावसभा वर्षातून एकदाच, जादा सभा हवी तर गव्हर्नरची परवानगी. नवे गव्हर्नर होते लष्करातले जनरल टॉमस गेज.

बाकी वसाहतींना बॉस्टनचे लोक जरा अतीच वाटत. चहाची नासाडी तर कित्येकांना पटली नव्हती. पण आज त्यांची कमिटी बरखास्त होते तर उद्या आपली का नाही? सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. जॉर्जिया तेवढी आली नाही. या काँटिनेंटल काँग्रेसने स्वातंत्र्याचं नावही काढलं नाही. १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल बंद, एवढंच ठरवलं, आणि तो बंद पाळला जातो का ते बघायला गावोगाव समित्या निवडायला सांगितल्या.

गोळी सुटायच्या आधीच राज्य गेलं होतं

माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणा इथे आहे, आणि चहाच्या चित्रामागे तो झाकला जातो.

६ सप्टेंबर १७७४. मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर नावाचं गाव. राजाच्या कायद्याप्रमाणे त्या दिवशी कोर्ट भरायचं होतं. आसपासच्या ३७ गावांतून ४,६२२ माणसं आली. ही मिलिशिया, म्हणजे गावोगावचे शेतकरी-कारागीर, घरची बंदूक घेऊन कवायत करणारे. त्यांनी कोर्टाचा ताबा घेतला आणि रस्त्याच्या दुतर्फा रांगा धरल्या. न्यायाधीश आणि कोर्टाचे अधिकारी यांना हॅट हातात घेऊन त्या रांगांमधून चालावं लागलं, आणि 'नव्या कायद्याखाली काम करणार नाही' हे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तीसेक वेळा वाचावं लागलं. एकही गोळी सुटली नाही. राजाचं कोर्ट तिथे पुन्हा भरलं नाही.

असंच मॅसॅच्युसेट्सच्या इतर भागांतही झालं. काही आठवड्यांत गेज यांचा हुकूम बॉस्टनच्या बाहेर चालेनासा झाला.

इतर वसाहतींत हेच काम समित्यांनी जरा सावकाश केलं. सुरुवात कोण कुठला माल विकतो ते बघण्यापासून. मग वह्या तपासणं, नियम मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापणं, पुढे पुढे मिलिशियाची भरती आणि दारूगोळ्याची साठवण. लोकांना परवानगी लागली, तंटा सोडवायचा असला, की पाय समितीकडे वळायला लागले. हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. डांबर ओतून, वर पिसं चिकटवून धिंड काढण्याचे प्रकार झाले, आणि कित्येकांनी केवळ भीतीने सह्या केल्या.

निषेध आणि युद्ध यांच्यामधला पूल हाच. नुसता मोर्चा संपतो, माणसं घरी जातात. इथे बहिष्कार पाळायला यंत्रणा लागली आणि ती यंत्रणा हळूहळू सरकार बनली. एका मुलखात दोन सरकारं झाली. प्रश्न फक्त कोण आधी कुणाच्या बंदुका काढून घेतं एवढा उरला.

गेज यांनी तेच करायचं ठरवलं. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे सुमारे ७०० सैनिक कॉंकर्ड गावातला शस्त्रसाठा जप्त करायला निघाले. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानात मिलिशियाचे ७७ जण उभे होते. त्यातले आठ जण ठार झाले. पण परतीच्या वाटेवर प्रत्येक कुंपणाआडून गोळ्या येऊ लागल्या. बॉस्टनला पोचेपर्यंत २७३ ब्रिटिश सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता होते. पुढच्या काही दिवसांत हजारो मिलिशियावाल्यांनी बॉस्टनला वेढा घातला. त्यांना हुकूम कुणाचा? समित्यांचा.

मग वर्षभर थांबले कशासाठी?

कारण राजावरचा विश्वास अजून तुटला नव्हता. वाईट आहेत ते मंत्री आणि पार्लमेंट, राजा बिचारा फसवला गेलाय, अशी समजूत होती. पेशवाईतही लोक कारभाऱ्यांना शिव्या देत आणि गादीला मुजरा करत, तसंच. काँग्रेसने जून १७७५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांना सेनापती नेमलं आणि जुलैमध्ये राजाला समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो हातात घ्यायलाही नकार दिला आणि २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. वर्षअखेरीस पार्लमेंटने त्यांचा सगळा व्यापार बंद करून जहाजं जप्तीला पात्र ठरवली. मग भाड्याचे जर्मन सैनिक येणार असल्याची बातमी आली.

जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन या इंग्लंडहून नुकत्याच आलेल्या माणसाची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली. तिने साध्या भाषेत तोवर न बोललेलं बोलून टाकलं: गोची मंत्र्यांत नाही, राजेपणातच आहे. एक व्यवहारी कारणही होतं. लढायला तोफा, दारू आणि पैसा हवा होता आणि तो फ्रान्सच देऊ शकत होता. पण बाप-लेकाच्या भांडणात शेजारी कशाला पडेल? आधी वेगळं घर मांडायला हवं.

२ जुलै १७७६ ला बारा वसाहतींनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं, न्यूयॉर्क तटस्थ राहिलं. दोन दिवसांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला. पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील असं जॉन ॲडम्स यांनी पत्नीला लिहिलं होतं. दोन दिवसांनी चुकले.

सगळ्यांचंच होतं का हे स्वातंत्र्य?

नाही. अंदाजे दर पाच गोऱ्यांमागे एक राजाच्या बाजूचा होता. युद्धानंतर त्यातले सुमारे ६० हजार देश सोडून गेले. २५ लाखांतले पाच लाख लोक गुलाम होते. व्हर्जिनियाचे ब्रिटिश गव्हर्नर डनमोर यांनी नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. शेकडो धावून गेले, आणि इतका वेळ कुंपणावर बसलेले कित्येक मळेवाले संतापून बंडात उतरले. जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' हे वाक्य लिहिणारे टॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. मूळ रहिवाशांच्या दृष्टीने तर ब्रिटन हरणं म्हणजे त्यांच्या जमिनींवरचा शेवटचा बांध फुटणं होतं. यावर कितीही मखलाशी केली तरी हे डाग निघत नाहीत.

फ्रान्स १७७८ मध्ये उघड युद्धात उतरला आणि ब्रिटनची ओढाताण जगभर सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणविसांना भेटला होता, त्याने मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी त्यांना शरण आणलं. तिकडे अमेरिकेत ऑक्टोबर १७८१ मध्ये ब्रिटिश सेनानी लॉर्ड कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला शरण आले, आणि १७८३ च्या तहाने ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केलं. तेच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आले.

भाचीच्या मुलाला मी यातलं अर्धंही सांगितलं नाही. मेव्हण्याच्या डेअरीवर तो हसला. मग पुतळ्याची गोष्ट सांगितली. स्टँप ॲक्ट रद्द झाल्याच्या आनंदात न्यूयॉर्कने ठरवलेला तो राजाचा पुतळा १७७० मध्ये उभा राहिला, शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. ९ जुलै १७७६ च्या संध्याकाळी शहरात सैन्यापुढे जाहीरनामा वाचला गेला आणि लोकांनी दोर बांधून राजाला घोड्यासकट खाली ओढलं. शिशाचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी गेले. तिथल्या बायकामुलांनी ते वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. कुणी किती ओतल्या याची यादीही ठेवली होती. एकूण ४२,०८८.